कुत्र्याला लागलीया, गाडी थांबव

माझ्या नाकावर राग असतो असं आमच्या घरात सगळे म्हणतात. असू दे. पहाटे उठून डबे करायचे, कुत्र्याला फिरवून आणायचं, मग शाळेत जाऊन नववीच्या वर्गापुढे घसा फोडायचा. एवढं सगळं करणाऱ्या बाईच्या नाकावर राग नाही तर काय नथ असणार?

पिरनवाडीला आमचं घर. घरात तीन माणसं आणि एक कुत्रं. माणसं म्हणजे मी, माझा नवरा आणि सासरे. सासऱ्यांना मी मामा म्हणते. नवरा उद्यमबागेत एका फौंड्रीत सुपरवायझर आहे आणि मामा निवृत्त हेडमास्तर. कुत्रं खरं तर मुलीचं. तिला बेंगळूरला नोकरी लागली तेव्हा "थोडे दिवस सांभाळ गं आई" म्हणून ठेवून गेली, आणि ते थोडे दिवस अजून संपलेले नाहीत. पिल्लू होतं तेव्हा आलं, आता चांगला बाप्या झालाय. साधं गावठी आहे, तांबूस रंगाचं, एक कान कायम पडलेला. इथं कुणाचंच नाव लिहायचं नाही असं मी ठरवलंय, म्हणून कुत्र्याचंही लिहीत नाही. नाहीतर उद्या मामा म्हणतील, माझं घातलं न्हाईस आणि त्याचं घातलंस.

पिल्लू असताना त्याने मला रडवलं. तासाला एकदा बाहेर न्या, तरी आत येऊन सोफ्यापाशी तळं करणार. पण एकदा शिकलं ते असं शिकलं की आता घरात थेंब सांडत नाही. लागली की दारापाशी जाऊन उभं राहतं आणि आपल्याकडे बघतं. भुंकणं नाही, खरवडणं नाही, फक्त बघणं. त्या बघण्याने हातातलं काम सुटतं.

मोठ्या कुत्र्याला दिवसातून किती वेळा न्यायचं याचं आमच्याकडे टाइमटेबल ठरलेलं. सकाळी उठल्या उठल्या मी. दुपारी जेवणानंतर मामा. संध्याकाळी परत मामा. झोपायच्या आधी नवरा, शिफ्ट असेल त्याप्रमाणे. मामांच्या दोन पाळ्या कधी चुकत नाहीत. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हातात पट्टा धरून निघतात ते एखाद्या वर्गावर तपासणीला निघाल्यासारखे. कोपऱ्यावरचा किराणावाला त्यांना बघून घड्याळ लावतो, असं तो स्वतःच सांगतो.

ह्याच मामांच्या शिस्तीला एके काळी अख्खी शाळा थरथरायची. तासाला कुठल्या पोराने करंगळी वर केली की मामा चष्म्यावरून बघत म्हणायचे, "आत्ताच सुट्टी झाली की रं. बस खाली. मानसाला धरता आलं पायजे." माझा नवरा त्यांच्याच शाळेत शिकला. सख्खा बाप हेडमास्तर, पण करंगळीला सवलत नाही. म्हणून तो सकाळपासून पाणीच प्यायचा नाही. हे त्याने मला लग्नानंतर हसत हसत सांगितलं, तरी मला मामांचा राग आलाच.

आणि तेच मामा कुत्र्याच्या बाबतीत मात्र एकदम मऊ. ते नुसतं दाराकडे वळलं की पेपर बाजूला टाकून उठणार. "मुकं जनावर हाय," म्हणणार. "त्याला काय सांगता येतंय व्हय?"

आता निपाणीच्या आक्कांचं सांगते. आक्का म्हणजे मामांची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हा ह्या पोरीने निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला लागून धाकट्या भावाला वाढवलं. मामा मॅट्रिक झाले, बी.एड. झाले, हेडमास्तर झाले ते बहिणीच्या मजुरीवर, आणि हे मामा चारचौघांत छाती पुढे काढून सांगतात. दरवर्षी बुद्ध पौर्णिमेला आक्का खीर करतात आणि पहिली वाटी भावाला देतात. भाऊ आल्याशिवाय पातेल्यावरचं झाकण काढत नाहीत. ही त्यांच्या घरची रीत.

तर गेली दोन वर्षं मामा गेलेच नाहीत. नुसतं निपाणीला नव्हे, कुठेच नाही. इथं उचगावला माझ्या भाच्याचं लग्न, हाकेच्या अंतरावर, तिथंही नाही. काही म्हटलं की एकच उत्तर, "कुत्र्याला कोण बगणार? त्याला दिवसातनं चारदा भाईर न्यावं लागतंय." शेजारी बघतील म्हटलं तर, "ते दुसऱ्यासंगं जात न्हाई." नवरा रजा काढतो म्हणाला तर, "तुज्या रजा काय कुत्र्यासाठी हाईत?" दोन्ही वर्षी आक्कांनी दुपारपर्यंत झाकण काढलं नाही. दुसऱ्या वर्षी तर खीर तशीच राहून आंबली, असं त्यांच्या सुनेने मला फोनवर सांगितलं. आक्कांनी इकडं यावं म्हटलं तर त्यांचंही चालू होतं, "तुमच्या गाडीत मला मळमळतंय गं पोरी."

ह्या वर्षी पौर्णिमेच्या आधी आक्कांचा फोन आला. मामांनी नेहमीप्रमाणे कुत्र्याचं कारण सांगितलं. तिकडून आवाज एवढा मोठा आला की मला स्वयंपाकघरात ऐकू आला.

"ह्या पुनवंला आला न्हाईस तर माज्या मयतीलाबी येऊ नगंस! तितंबी कुत्रंच घिऊन बस!"

फोन आपटला. मामांनी फोन खाली ठेवला. कुत्रं जाऊन त्यांच्या पायाशी बसलं. मामांचा चेहरा एवढासा झाला होता, आणि तरी तोंडातून "जातो" म्हणून शब्द निघेना. माझा पारा चढला. ज्या बहिणीने तंबाखूने अंगठा काळा करून शिकवलं, तिच्यापेक्षा कुत्र्याची शी-शू मोठी झाली? कमाल आहे बाई!

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर कुत्र्याला गाडीत घातलं आणि थेट जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. ताप नाही, खोकला नाही, काय झालंय, त्यांनी विचारलं. म्हटलं, काही झालेलं नाही, मला फक्त एवढंच सांगा, मोठं कुत्रं दिवसातून किती वेळा न्यावं लागतं? त्या हसल्या. म्हणाल्या, तीन ते पाच वेळा. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर, झोपायच्या आधी. सहा-आठ तास धरता येतं त्याला, पण धरता येतं म्हणून धरायला लावू नका, खडे होतात. कन्नड, मराठी, इंग्रजी सगळं मिसळून त्या बोलत होत्या आणि मी शाळेतल्या पोरीसारखी मान हलवत होते. निघताना म्हणाल्या, "आणि म्हातारं झालं की त्याला धरवणार नाही हं. तेव्हा ओरडू नका. दार उघडायचं, बस."

मला पाहिजे ते मिळालं होतं. घरी येऊन मामांसमोर उभी राहिले.

"मामा, डॉक्टर म्हणाल्या, सहा तास काय होत नाही त्याला. आणि तसंही आपण त्याला गाडीत घालूनच न्यायचं. मी चालवते. पौर्णिमेला निपाणी. आता बोला."

मी त्यांना बोलायला जागाच ठेवली नव्हती. मामा कुत्र्याच्या पडलेल्या कानाशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "बरं. पर एक. त्याला लागली म्हनलं की गाडी थांबवायची."

"थांबवते की," मी म्हटलं. "त्यात काय?"

पौर्णिमेला सकाळी निघालो. नवऱ्याची पहिली शिफ्ट होती, तो आला नाही. मी पुढे स्टिअरिंगवर, मागे मामा आणि कुत्रं. मामांनी चहा घेतला नाही. चहाशिवाय ज्यांचा दिवस उगवत नाही त्यांनी नको म्हटलं. पाण्याची बाटली पुढे केली तर ती पण नको. वैशाखातलं ऊन, गाडी तापलेली, आणि हे कोरडे बसलेले. मला वाटलं, अजून रुसलेत. रुसा म्हटलं, निपाणीला पोचल्याशी कारण.

काकती यायच्या आधीच मागून आवाज आला. "कुत्र्याला लागलीया. गाडी थांबव."

मी आरशातून बघितलं. कुत्रं जीभ बाहेर काढून खिडकीतून ट्रक मोजत होतं. पण ठरलं होतं ना, थांबवली. हायवे रुंद करायला घेतल्यापासून कडेची झाडं गेलेली, नुसते मातीचे ढीग. मामा पट्टा धरून एका ढिगामागे गेले आणि जरा वेळाने आले. "झालं?" म्हटलं. "झालं," म्हणाले.

वंटमुरीचा घाट उतरून खाली आलो. "त्याला परत लागलीया बग." मी म्हटलं, मामा, आत्ताच तर झाली की! तोंडातून निघालं आणि मलाच ओळखीचं वाटलं, पण तेव्हा कळलं नाही का. थांबवली. हत्तरगीचा टोल गेल्यावर परत. आता मात्र माझी सटकली. डॉक्टरीणबाई सहा तास म्हणाल्या होत्या, आणि ह्या कुत्र्याला काय मूतखडा झालाय की काय!

संकेश्वरच्या अलीकडे चौथ्यांदा थांबवली तेव्हा कुत्रं उतरेचना. सीटवर अंग टाकून दिलं त्याने. मामा दार उघडून उभे, पट्टा ओढतायत, "चल रं, चल की, लागलीया न्हवं तुला," आणि कपाळावर घाम. शेवटी त्याला अर्धवट उचलून खाली घेतलं आणि जवळजवळ पळतच एका बंद पडलेल्या ट्रॉलीमागे गेले. मी चिडून खाली उतरले. म्हटलं, बघू तरी काय करतंय हे.

ट्रॉलीच्या अलीकडे कुत्रं बसलं होतं. तोंड माझ्याकडे, पाठ मामांकडे, राखणीला बसवल्यासारखं. त्याच्या पलीकडे मामांची पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टातली पाठ दिसली, भिंतीला हात टेकावा तसा ट्रॉलीला हात टेकलेली.

मी गपकन मागे फिरले आणि गाडीत येऊन बसले. तळपायाची आग जी मस्तकात होती ती कुठे गेली कळलं नाही. दोन वर्षं. दोन वर्षं हा माणूस घरात बसून राहिला, बहिणीच्या शिव्या खाल्ल्या, पण सुनेला "मला थांबायचंय" एवढं म्हणता आलं नाही. मुलालाही सांगितलं नसणार, नाहीतर नवऱ्याने मला सांगितलं असतं. आणि सांगणार तरी कसे? आमच्यात सासरा सुनेसमोर बनियनवरही बसत नाही. मला रडू आलं आणि हसूही आलं, दोन्ही एकदम. पदराने तोंड पुसलं.

मामा आले, कुत्र्याला आधी चढवलं, मग आपण बसले. "झालं त्याचं," म्हणाले.

"बरं झालं," मी म्हटलं. गाडी सुरू केली. कणगल्याच्या पुढे, तवंदीचा घाट लागायच्या आधी एक झाडाची सावली शिल्लक दिसली, तेव्हा मीच वेग कमी केला. "मामा, घाटात थांबायला जागा नाही. कुत्र्याला लागली असंल, उतरवून आणता काय?"

आरशात मामांचं तोंड असं खुललं की विचारू नका. "उतरवतो की! मुकं जनावर. त्याला काय सांगता येतंय व्हय?"

निपाणीला आक्कांच्या गल्लीत पोचलो तेव्हा बुद्धवंदना होऊन गेली होती. पांढऱ्या साड्यांतल्या बायका ओट्यावर बसलेल्या. आक्का उंबऱ्यातच. वाळून एवढ्याशा झाल्यात, पण आवाज तोच.

"आलास? मी म्हनलं आता माज्या मयतीला कुत्रंच येतंय."

मामा वाकले, पायाला हात लावला. आक्कांनी त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तोच हात पाठीवरून फिरवत राहिल्या. आत जाऊन पातेल्यावरचं झाकण काढलं. पहिली वाटी भावाला, आणि दुसरी, विश्वास ठेवा, कुत्र्याला, गार करून. मला तिसरी मिळाली.

खीर खाता खाता आक्कांनी सगळ्यांसमोर विषय काढलाच. "का रं, दोन वर्सं का आला न्हाईस? खरं सांग."

मामा वाटीत बघत म्हणाले, "सांगितलं न्हवं. कुत्र्याला दिवसातनं चारदा भाईर न्यावं लागतंय."

आक्का त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग जोरात हसायला लागल्या. "ऐकलं काय गं?" ओट्यावरच्या दोघीतिघी त्यांच्यासोबत वखारीत कामाला होत्या, त्यांना हाक मारून म्हणाल्या, "ह्येच्या कुत्र्याला चारदा सोडत्यात! आमाला मुकादम एकदा सोडायचा, जेवनाच्या सुट्टीत. आनि तेबी रांग लावून!"

बायकांत एकदम हशा पिकला. एक म्हणाली, पाणीच प्यायचो न्हाई आमी. दुसरी म्हणाली, मी एकदा बसल्या जागी केलतं, तंबाखूच्या ढिगावर, मुकादमाला कळलंबी न्हाई, कुनी वडली असंल ती बिडी! मग तर हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही हसले.

मामा तेवढे हसले नाहीत. चमचा हातातच राहिला. "आक्का, हे मला कदी सांगितलं न्हाईस तू."

"तुला काय सांगायचं त्यात? तू शाळंत पयला येत हुतास." आक्कांनी त्यांच्या वाटीत आणखी खीर घातली. "धरून ठिवायची सवंच लागली अंगाला. आता मातर धरवत न्हाई रं. म्हनून तर तुज्याकडं येत न्हाई मी. मळमळ कसली आनि काय! तुजी सून गाडी चालीवती, तिला किती येळा थांबव म्हनायचं? लाज वाटती."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी चटकन कुत्र्याकडे बघितलं. कुत्रं वाटी चाटत होतं.

मग माझा तो प्रसिद्ध राग आला, पण ह्या वेळी बरा आला. म्हटलं, "आक्का, उठा. दोन लुगडी पिशवीत घाला. आज माझ्यासोबत बेळगावला यायचं. वाटेत जितक्या वेळा म्हणाल तितक्या वेळा थांबते, नाहीतर लायसन्स फाडून टाकते."

"खुळी हाईस काय गं!" आक्का म्हणाल्या. पण त्यांच्या सुनेने तोवर पिशवी आणली होती.

उन्हं कलल्यावर निघालो. आक्का पुढे माझ्या शेजारी, मागे मामा, त्यांच्या मांडीवर डोकं टाकून खिरीने सुस्तावलेलं कुत्रं. तवंदी चढून गेलो तशा आक्का म्हणाल्या, "ये पोरी, थांबव. मला जायाचंय." बस, एवढंच. ना लाज, ना कुत्रं. मी गाडी पेट्रोल पंपावर घेतली, आत जाऊन बाथरूमची किल्ली मागितली आणि आक्कांना हात धरून नेलं. परत आलो तर मामा तसेच बसलेले.

आक्कांनी मागे वळून विचारलं, "तू जाऊन आलास?"

"ते झोपलंय," मामा म्हणाले.

"त्याचं कोन इचारतंय?"

मामा खिडकीतून बाहेर बघायला लागले. आक्कांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे, आणि गाडी काढली. संकेश्वर गेलं. आक्का वखारीतल्या बायकांचं काहीबाही सांगत होत्या, मी हूं हूं करत होते आणि एक डोळा आरशावर. मामा सरळ होऊन बसले होते. एक हात कुत्र्याच्या डोक्यावर. ओठ घट्ट मिटलेले. मला ते तोंड चांगलं ओळखीचं होतं, रोज शाळेत दिसतं मला, शेवटच्या बाकावर. पण मी आपण होऊन विचारायचं नाही असं ठरवलं. जीभ दातांखाली धरून गाडी चालवत राहिले.

हत्तरगीच्या अलीकडे आरशात काहीतरी हललं. मामांनी कुत्र्याच्या डोक्यावरचा हात उचलला होता. खांद्याच्या वर नाही, छातीपर्यंतच. चार बोटं मिटलेली आणि करंगळी वर.

"जावा, सर," मी म्हटलं, आणि गाडी कडेला घेतली. मामा उतरून गेले. कुत्रं गाडीतच झोपून राहिलं.